पहिल्या वेढ्याचं नाव

माझा नवरा आकडा लावायचा. घ्या, सांगितलं! तुमाला वाटलं असंल बाई पदर तोंडाला लावून आडनं-आडनं बोलंल. तसलं काय न्हाई. निम्मं बेलापूर आकडा लावायचं आनि उरलेलं निम्मं लावून वर न्हाई म्हनायचं. आमच्या ह्यांनी येगळं काय केलं, तर चार मान्सांत उभं राहून सांगितलं की मला ह्यातनं काढा. सगळी भानगड तिथनं सुरू झाली.

ह्यांचा धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती सायकलीला बांधून आमच्या दारात आनायचा. हे आतली जळकी तार उपटून काढायचे, लाकडी फर्म्यावर नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे आनि ते मोटरीत बसवायचे. वेढे ठरलेले असत्यात. कमी पडले तर मोटर जळती, जास्ती झाले तर पानी ओढत न्हाई. आमच्या मशीनला मोजायचा काटा न्हवता. एका हातानं मूठ फिरवायची, दुसऱ्या हातात तार धरायची आनि तोंडानं मोजायचं. कोल्हारपतुर लोक म्हनायचे, मोटर भरावी तर ह्याच मिस्त्रीनं. सगळं गाव ह्यांना मिस्त्रीच म्हनायचं. नाव मी आत्ता घेत न्हाई. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखान्यात एकदा घेतलं हुतं, तेबी बायांनी लई गळ घातली म्हनून. म्होरं घ्यायचंच हाय, तवा दम धरा.

मग आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, आबासाहेबानं एस.टी.डी. बूथ टाकला. पिवळी पेटी, काचंचं दार, आत फिरता पंखा. पंच्यान्नव-शहान्नव सालची गोष्ट ही. गावाला वाटलं लई सोय झाली. झालीच की. मुंबईच्या पोराशी बोलता यायला लागलं, नगरच्या दवाखान्यात पेशंटचं इचारता यायला लागलं. पन त्याच तारेवरनं मुंबईच्या मटक्याचा आकडाबी यायला लागला. आधी आकडा लावायचा तर श्रीरामपूरला जावं लागायचं, कोन बघतंय का म्हनून मानूस भ्यायचं. आता भ्या संपलं. जाग्यावरनं उठा, रस्ता वलांडा, आबासाहेबाकडं चिठ्ठी लावा. दुपारी फोनवर पहिला आकडा उघडायचा, संध्याकाळी दुसरा, दोन्ही मिळून जोडी. रस्त्याच्या धुळीत बी पाय भरायचे न्हाईत, इतका जुगार जवळ आला.

ह्यांचा हात मशीनवर आनि कान समोरच्या घंटीवर. घंटी वाजली की मोजमाप गेलंच म्हना. नदीकाठचा एक बागायतदार हाय, कानिफनाथ. त्याची मोटर ह्यांनी भरून दिली आनि विहिरीवर चालू केल्या-केल्या ती जळाली. कानिफनाथ आमच्या दारात येऊन बोंबलला, "मिस्त्री, हात झडलं का रं तुझं? ऊस वाळतोय माझा!"

 तो गेल्यावर हे जळकी तार मांडीवर घेऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हनले, "भारती, मला ह्यातनं भाईर काढ."

"सोडा की मग," मी म्हनलं.

"सोडायचंच हाय. पन मी काय बी मोजाया घेतलं की त्याचा आकडा हुतो. वेढं मोजतो, आकडा. येस्टीचा नंबर बघतो, आकडा. आईनं भाकरी किती थापल्या, त्योबी आकडाच. आनि माझा तर धंदाच मोजायचा हाय. मी एकट्यानं न्हाई सोडू शकत."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. घरातनं काय काय गेलंय ते मला ठावं हुतं. पन ह्या मान्सानं लग्न झाल्यापासनं माझ्याकडं कधी काय मागितलं न्हवतं. पहिल्यांदा मागितलं, ते हे. मी म्हनलं, काढते. मी न्हाई काढलं तर नाव बदलीन.

पहिल्यांदा गेले उत्तमरावांकडं. ते आमच्या विहाराचे पंच. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा सदरा, बोलनं साखरंचं. मी त्यांना मामा म्हनते. म्हनलं, "मामा, पुनवंला वंदना झाल्यावर ह्यांना दोन शब्द बोलू द्या. वस्तीनं जरा आधार द्यावा."

मामांनी चष्मा पुसला. "सूनबाई, घरातली गोष्ट घरात ठेव. उगं वस्तीची नाचक्की."

"घरात ठिवली म्हनून तर नासली, मामा. आता उन्हात घालायची हाय."

त्यांनी परवानगी दिली न्हाई, आनि मी ती मागायला पुन्यांदा गेले न्हाई. पुनवंला सकाळी पंचशील झालं, सगळे उठायला लागले आनि हे उभे राहिले. सदऱ्याचं टोक नुस्तं पिळत हुते. मागं बायांत माझी सासू, आक्काबाई, तिनं माझं मनगट धरलं.

"जयभीम," हे म्हनले. "मला आकड्याचा नाद लागलाय. मी तुमच्याकडं पैसं मागत न्हाई. दुपारी घंटी वाजायच्या टायमाला कोनीतरी माझ्या दुकानात येऊन बसा, येवढंच. मी उठलो तर मला धरा." मग जरा थांबले. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, पन खरं बोलायला लागलेल्या मान्साला थांबता येत न्हाई. "मी किती नासलोय सांगू? आत्ता तुमच्यासंगं पंचशील म्हनलं तर डोक्यात पाच आला. अष्टांगिक मार्ग म्हनलं तर आठ आला. भगवंताच्या म्होरं बसून मी अठ्ठावन्नची जोडी केली. येवढं वाटोळं झालंय माझं."

 सासू रडायला लागली. मग एकेक जन उठून ह्यांच्या पाठीवर हात ठिवायला लागला. "येतो की मिस्त्री, का न्हाई येनार?" "आजच येतो दुपारी." उत्तमरावांनी बी मान हलवली. मला भरून आलं. म्हनलं, बघ भारते, उगं मान्सांना नावं ठिवत हुतीस तू.

दुपारी मी चहाला जास्तीचं पानी टाकलं. कोन बी आलं न्हाई. समोर बूथवर मात्र ही गर्दी! सकाळी पाठीवर हात ठिवलेले सगळे तिथं. घंटी वाजली, आबासाहेबानं बोटं वर केली. पाच. मग जी पळापळ झाली, बाई बाई! मान्सं घरातनं पैसं आनायला पळाली, बायांच्या डब्यातलं, पोरांच्या फीचं, हाती लागंल ते. संध्याकाळी दुसरा आकडा आला. आठ.

अठ्ठावन्न!

कोनीतरी आमच्या दारात पेढे आनले. पेढे! मी त्याच्या हातातला पुडा घेतला आनि रस्त्यावर भिरकावला.

दुसऱ्या दिवसापासनं आमच्या दारात जत्रा. गावात अशी बातमी झाली की मिस्त्रीला आकडा दिसतो. आनि का दिसतो, तर तो सवता खेळत न्हाई म्हनून. म्हंजे बघा डोकं कसं चालतं! एका मान्सानं जुगार सोडायला आधार मागितला, तर लोकांनी त्याला जुगाराचा बाबा करून टाकला. हे खोकले की लोक मोजायचे. ह्यांनी किती घोट चहा घेतला, मोजायचे. ज्यांनी जन्मात आमच्या घरचं पानी तोंडाला लावलं न्हवतं, त्यांनी आमच्या वसरीवर बसून चहा मागून घेतला, आनि बशीसकट चाटून पुसून प्याला. इतकी वर्सं जे कुनाला जमलं न्हवतं ते आकड्यानं केलं. मला हसावं का रडावं कळंना.

पन माझ्या तोंडचं पानी पळालं ते येगळ्याच गोष्टीनं. एक दिवस जेवता-जेवता हे हळूच म्हनले, "भारती, खरंच दिसत असंल तर?"

मी हातातला तांब्या आपटला. "काय म्हनलात?"

"न्हाई, म्हंजे... इतकी लोकं म्हनत्यात. एक डाव लावून बघावं का? एकच."

"दिसत असंल तर डोळं मिटा!" मी वरडले. "ती लोकं तुमचं ऱ्हायलं-साहिलं खायला बसल्यात आनि तुमी त्यांनाच इचारताय मीठ कसं झालंय म्हनून?"

ह्यांनी ताट म्होरं वढलं. पन मला ह्यांच्या डोळ्यांत दिसत हुतं, मानूस पुन्ना काठावर उभा हाय. एक धक्का बास हुता.

तवा मी ठरवलं, ह्यांच्या तोंडातलं मोजनंच काढून घ्यायचं. म्हनलं, तुमी मूठ फिरवा, मोजते मी. घंटीच्या टायमाला मी बाजूला पाट टाकून बसायची. त्यानं बरं पडलं. ह्यांचा हात पुन्ना एकसारखा चालायला लागला. कानिफनाथ जळकी मोटर घेऊन परत आला, आनि मी खूष झाले, की चला, भरवसा ठिवला गड्यानं.

कसला भरवसा! मी मोजून थांबले की दारातली मान्सं एकमेकांकडं बघायची आनि बूथकडं पळायची. मी ज्या वेढ्यावर थांबते तोच आजचा आकडा! कानिफनाथानं मोटर आनली हुती ती त्याच्यासाठी. मी, भारती, माझ्या तोंडानं आख्ख्या गावाला आकडा देत बसले हुते आनि मला पत्ता न्हाई. हे कळलं तवा माझ्या अंगाचा भडका उडाला. झाडू घेऊन उठले, तर सासू म्हनली, "बस खाली. झाडूनं मान्सं जात न्हाईत, घटकाभरानं परत येत्यात."

"मग काय करू, आत्याबाई? मोजल्याशिवाय मोटर भरत न्हाई."

सासूनं जन्म लोकांच्या खळ्यावर राबून काढला. ती म्हनली, "खळ्यावर धान मापताना पहिल्या मापाला एक म्हनत न्हवते. लाभ म्हनायचे. लाभ, मग दोन, मग तीन. मोजायला आकडाच लागतो असं कुनी सांगितलं? काय बी म्हन की. चुकू नको म्हंजे झालं."

मी सासूकडं बघितलं, दारातल्या गर्दीकडं बघितलं आनि मला असं हसू आलं म्हनून सांगू! सासूला म्हनलं, चिंचोके घ्या. माझी एक फेरी झाली की एक चिंचोका बाजूला टाका, किती टाकायचे ते मी आत सांगते. फेरी कसली, ते मला आनि तिलाच ठावं.

दुपार झाली. गर्दी दारात. कानिफनाथ म्होरं, त्याच्या मागं शेजारचा गोरक्ष, कुडाला टेकून गल्लीतला राम, बूथच्या पायरीवर आबासाहेब आमच्याकडं कान लावून. आनि सगळ्यात मागं, उघडी छत्री खांद्यावर घेऊन, सहज आल्यागत, कोन? आमचे मामा. विहाराचे पंच. मला वाटलं डोळ्यांनी दगा दिला. न्हाई, तेच हुते.

"फिरवा," मी ह्यांना म्हनलं.

मूठ फिरली. मी पोटात हवा भरली आनि रस्त्याच्या पलीकडं जाईल अशा आवाजात वरडले, "कानिफनाथ!"

एक वेढा बसला. "गोरक्ष!" दुसरा. "राम!" तिसरा. "आबासाहेब!" चौथा.

"ए बाई," कानिफनाथ म्हनला, "आकडं मोज की, नावं काय घेती?"

"तुमाला आकडा पायजे ना? ह्यो घ्या आकडा. रोज दुपारी हितं कोन उभं ऱ्हातं त्याचा आकडा! कानिफनाथ! गोरक्ष! राम! आबासाहेब!"

सासूनं दुसरा चिंचोका टाकला. शेजारची दारं उघडायला लागली. गोरक्षाची बायको रंगुबाई पिठाच्या हातानंच भाईर आली. "काय गं भारती, आमच्या मालकाचं नाव कशाला चव्हाट्यावर?"

"तुझ्या मालकानं सांगितलंय ना तुला, दुपारचं सोसायटीत काम असतं म्हनून? ही बघ सोसायटी!"

रंगुबाईनं बघितलं. पोराची फी, डब्यातलं पैसं, सगळं तिच्या डोळ्यांम्होरनं गेलं असनार. तिनं पिठाच्या हातानं गोरक्षाची कॉलर धरली. राम कुडावरनंच पसार झाला. पलीकडनं आबासाहेब वरडला, "बाई, तोंड आवर, पोलिसांत जाईन!"

"जा की! चिठ्ठ्या बी संगं ने!" मी म्हनलं. कोनीतरी हसलं. मूठ थांबली न्हाई. ह्यांची मान खाली, पन हात असा चालत हुता, अगदी पयल्यासारखा. मी मागच्या छत्रीकडं बघितलं. मामाच ते. पन आता थांबले असते तर सगळी कमाई गेली असती.

"उत्तमराव!"

 मामांनी छत्री मिटली. "भारती," ते हळू म्हनले, "मी वडीलधारा हाय."

"म्हनून सगळ्यात शेवटी घेतलं, मामा. मानानं."

आनि मूठ थांबली. मला वाटलं, झालं. ह्यांना लाज वाटली, आता हे उठनार, आत जानार, मग मागच्या दारानं बूथवर. 

ह्यांनी मान वर केली. सगळ्या लोकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माझं ऱ्हायलं," म्हनले.

"काय?"

"माझं नाव. सगळ्यांची घेतीयास आनि माझं गाळतीयास. ह्यांच्यापेक्षा मी जास्ती लावलाय. पहिलं माझं घे, भारती. लाभ म्हनत्यात तिथं माझं नाव घे. पहिल्यापासनं घे, ही तार मी उलगडतो."

आनि खरंच त्यांनी बसवलेली तार फर्म्यावरनं उलगडून काढली. मी सासूकडं बघितलं. भर रस्त्यात, आख्ख्या गावाम्होरं, उखाना न्हाई, यमक न्हाई, नवऱ्याचं नुस्तं नाव. ज्या रंगुबाईनं नवऱ्याची कॉलर धरली हुती तिनं सुदिक तोंडावर हात ठिवला. सासूनं सगळे चिंचोके परत वटीत घेतले आनि म्हनली, "घे पोरी. माझंच पोर हाय."

"प्रवीण!" मी म्हनलं.

आवाज जरा फाटला, फाटू दे. मूठ फिरली. पहिला वेढा बसला.

"कानिफनाथ! गोरक्ष! राम! आबासाहेब! उत्तमराव!"

पुढची फेरी सुरू झाली तवा समोर घंटी वाजली. दारातली जी दोन-चार टाळकी उरली हुती ती वळली आनि बूथकडं निघून गेली. ह्यांचा हात मुठीवर थांबला. बोटं पांढरी पडली हुती. कपाळाला घाम. मी दुसरं काय म्हनले न्हाई. पुन्ना म्हनलं, "प्रवीण." हात हलंना. "प्रवीण!" मूठ फिरली.

आनि मग छत्रीचं टोक टेकल्याचा आवाज आला. मामा दारातनं आत आले, एका जुन्या मोटरीच्या टोपनावर फडकं टाकून बसले. कडक इस्त्रीचा सदरा, त्याला काळं लागंल का ह्याचा इचार न करता. यायचं कबूल करून कितीतरी दिस उलटले हुते, पन आले. मी फेरी घेत गेले. शेवटच्या नावाला माझी जीभ जरा अडली. ते माझ्याकडं बघत हुते.

"उत्तमराव," मी म्हनलं.

"हाय," म्हातारा म्हनला. "हितंच हाय. चालू दे तुझं."

आता लोक इचारत्यात, मिस्त्रीचा नाद पुरता गेला का. न्हाई गेला. खोटं सांगून मला कोनता मान मिळायचाय? बूथ हाय तिथंच हाय, घंटी वाजतीच. वाजली की ह्यांचा हात अजून थांबतो. मग मी जिथं असंन तिथनं, चुलीपासनं असो का न्हानीतनं, मोठ्यांदा नाव घेते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. बाया पयल्यांदा हसायच्या, म्हनायच्या, भारतीनं लाज सोडली. सोडली. लाज धरून नवरा गेला असता.